मंजूर नसलेला हात

आमच्या मावशीचे यजमान, म्हणजे काका, आयुष्यभर खोट्या कातडीला मलमं लावत आले. औषधांच्या कंपनीत त्यांची एक लांबट खोली होती आणि तिथे काचेच्या कुप्या ओळीने मांडलेल्या असत. कुपीच्या खालच्या भागात पाणी, मध्ये बाटलीच्या झाकणाएवढा पातळ पांढरा कृत्रिम पडदा, पडद्यावर मलम. खालच्या पाण्यात चिमुकला लोहचुंबक गरगर फिरत असे. काका अधूनमधून सुईने थोडं पाणी काढून तपासत. औषध पडद्यातून खाली उतरलेलं दिसलं की मलम पास.

"खऱ्या कातडीवर का नाही बघत?" मी एकदा विचारलं.

काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "कातडीचा काय भरवसा? तुझी वेगळी, तुझ्या मावशीची वेगळी. सकाळी एक सांगेल, संध्याकाळी भलतंच. पडदा बघ. आज जे म्हणेल तेच उद्या म्हणेल."

माणसांबद्दलही त्यांचं मत यापेक्षा फारसं बरं नव्हतं. घरी पाहुणे आले की काकांना कधी एकदा कुप्यांकडे परततो असं व्हायचं. "यांनी त्या पडद्याशीच लग्न करायचं," मावशी म्हणायची, "पण तो वाचला आणि मी सापडले."

पुढे काकांनी स्वतः एक मलम तयार केलं, खाजेवरचं. पडद्यातून ते असं झरझर उतरलं की साहेब स्वतः कुप्या बघायला खाली आले. ठरलं असं, की 'हे मलम त्वचेतून आत जाते' या वाक्याखाली काकांनी सही करायची आणि त्याच दिवशी विभागप्रमुखाच्या खुर्चीत बसायचं. त्या खुर्चीची काकांनी इतकी वाट पाहिली होती, की आताशा ते घरच्या खुर्चीतसुद्धा ताठ बसायला लागले होते.

आणि नेमका त्याच आठवड्यात काकांचा डावा हात खाजायला लागला. हातमोज्यांमुळे असेल नाहीतर कशामुळे, मनगटापासून कोपरापर्यंत लालभडक पुरळ उठलं. काका खूश! घरचंच औषध, घरचाच रोगी. मोठ्या ऐटीत त्यांनी मलम चोपडलं.

खाज ढिम्म हलली नाही. दुसऱ्या दिवशी तर जास्तच.

दोष मलमात असणं शक्यच नव्हतं, तेव्हा तो हाताचा ठरला. काकांनी विचार केला: पडद्याला आपण आधी भिजवतो, ऊब देतो, झाकून ठेवतो, हलू देत नाही. या बिचाऱ्या हाताला यातलं काय मिळालं? मग रविवारी सकाळी बादलीत कोमट पाणी आलं, पाण्यात थर्मामीटर आलं. हात मनसोक्त भिजला. त्यावर मलम, मलमावर पालथी वाटी, वाटीभोवती बँडेज. तो हात टेबलावर ठेवून काका पुतळ्यासारखे बसले. "टेबलाला कुणी धक्का लावायचा नाही!" दुपारी मावशीने वाटीला वळसा घालून ताट ठेवलं आणि वर्तमानपत्राची पानंही तीच उलटत बसली. मी हसू दाबायला दोनदा बाहेर जाऊन आले.

संध्याकाळी खाज खरंच कमी झाली होती. "उतरलं! आत उतरलं!" काका ओरडले.

मावशी भांडी आवरत होती. "म्हणजे ज्याला खाज आहे त्याने दिवसभर हात भिजवायचा, वाटी बांधायची आणि गप्प बसायचं. अहो, मलम माणसासाठी केलंत, की माणसानेच पडदा व्हायचं?"

काकांनी हळूहळू बँडेज उलगडलं आणि वाटी सोडली.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत जे झालं ते काकांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलं, की मला तोंडपाठ आहे. साहेबांनी कागद पुढे सरकवला. काकांनी बाही वर केली.

"साहेब, मी लावून बघितलं. नुसतं चोपडलं तर कातडीतून जात नाही."

साहेबांनी हाताकडे पाहिलंच नाही. "हा हात मंजूर साधनांच्या यादीत आहे का?"

"नाही."

"एका हातावरून निष्कर्ष काढायचा नाही, हे या कंपनीला कोणी शिकवलं?"

"मीच."

"मग झालं तर. करा सही."

काकांनी पेन उचललं. "एक शब्द बदला, साहेब. 'त्वचेतून'च्या जागी 'पडद्यातून' लिहा. आत्ता सही करतो."

साहेब हसले. "अहो, पडदा येतो का दुकानात मलम घ्यायला?"

काकांनी पेनाला टोपण लावलं.

खुर्ची त्यांच्या हाताखालच्या माणसाला मिळाली. त्याच्या हाताला काही झालेलं नव्हतं आणि सहीही वळणदार होती. मला काकांचा भयंकर राग आला. जन्मभर पडद्याची वकिली केली आणि घास तोंडाशी आल्यावर यांना कातडीचा पुळका! चार दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. ते मात्र पूर्वीच्याच स्टुलावर बसून कुप्या धूत होते, आणि घरी आल्यावर खुर्चीत चक्क रेलत होते. ते पाहिलं आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. मला त्यांचा अभिमान वाटला.

काही महिने झाले तरी पुरळ हटेना, तेव्हा मावशी त्यांना औषधाच्या दुकानात घेऊन गेली. मीही बरोबर होते. दुकानदाराने हात पाहिला, वळला आणि फळीवरून एक नवीकोरी ट्यूब काढून समोर ठेवली.

"हे न्या. नवीन आलंय, सरळ कातडीतून आत जातं. मोठ्या तज्ज्ञाने बनवलंय."

काका फरशीकडे बघायला लागले. मावशीने त्यांचा हात धरून काउंटरवर ठेवला.

"हा त्याच तज्ज्ञाचा हात आहे," ती म्हणाली. "दुसरं काहीतरी द्या."