ओलीचा नंबर

आमच्या घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकं फार. वडील कुठल्याही सभेला किंवा मोर्चाला गेले की गठ्ठा घेऊन यायचे. वाटून उरलेली पत्रकं आई फडताळात डब्यांखाली अंथरायची. मी त्यांवरच वाचायला शिकले, त्यामुळे 'बंधूंनो' हा शब्द मला शाळेच्या पहिल्या धड्याआधी वाचता येत होता. वडील सांगायचे, पत्रकात तीनच गोष्टी लागतात: अन्याय कुणावर झाला, कुणी केला आणि आता काय करायचं. बाकीची सगळी सजावट. या तीन गोष्टींत सगळं जग बसतं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

शहरात बी.ए. करून मी गावी परतले, त्या वर्षी सोसायटीत हंगामापुरतं काम मिळालं. आमचं गाव सिल्लोडच्या पुढं, मोठ्या रस्त्यापासून जरा आत. गावच्या सेवा सोसायटीत बी मिळायचं, खत मिळायचं, आणि काही वर्षांपासून सोसायटीचा स्वतःचा एक ट्रॅक्टरही होता. दिवाळीच्या आसपास गावाची मका एकदमच निघते. लोक कणसं मोडून वावरातच ढीग घालतात आणि ट्रॅक्टरची वाट बघतात. ट्रॅक्टर आला की आधी मशीनवर कणसांची मळणी, मग रोटा मारून धसकटं मोडायची, आणि लगेच त्याच वावरात हरभऱ्याची पेरणी. तिन्ही कामं उरकल्याशिवाय तो वावराबाहेर निघायचा नाही. ज्यांच्याकडं बैल नाहीत आणि विहिरीला पाणी नाही, त्यांचा हरभरा जमिनीत उरलेल्या ओलीवरच यायचा, म्हणून त्यांचा सगळा हिवाळा आपला नंबर कधी लागतो यावर ठरायचा.

हा नंबर चाचा ठरवायचे. चाचा म्हणजे सोसायटीचे ड्रायव्हर, साठीला टेकलेले, पांढरी दाढी, खिशात कायम एक खुरपं. गावात हिंदू-मुसलमान सगळेच त्यांना चाचा म्हणत. दसरा झाला की ते सायकलवर टॉवेल टाकून वावरं हिंडायला निघायचे. बांधावर चहा मिळाला तर घ्यायचे. वावरात एक वीतभर खोल उकरायचं, मूठभर माती घ्यायची, दाबायची आणि मूठ उघडायची. मातीचा लाडू तळहातावर उभा राहिला तर ते काही न बोलता पुढं जायचे. अंगठ्यानं नुसता ढोसला आणि लाडू फुटला, तर म्हणायचे, "तुमचं लवकर घेऊ." एवढंच. कागद नाही, सही नाही. गाव त्याला ओलीचा नंबर म्हणायचं.

कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मला यातला अन्याय दिसला. आदल्या वर्षी गावातल्या एका मोठ्या बागायतदाराला तिसरा नंबर मिळाला होता. तेव्हा दसऱ्याच्या सुट्टीत घरी आले असताना त्यांच्या ओसरीवर चाचा चहा पिताना मी स्वतः पाहिलं होतं. आणखी पुरावा कशाला हवा? सोसायटी सभासदांची, ट्रॅक्टर सभासदांचा, आणि नंबर मात्र एका माणसाच्या मुठीत. मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. मथळा होता, 'मशीन सगळ्यांचं, नंबरही सगळ्यांसमोर.' खाली नियम: सोमवारी सकाळी आठपासून नावनोंदणी, जो आधी येईल त्याचा नंबर आधी, यादी भिंतीवर लागेल, यादीत कुणासाठीही बदल होणार नाही.

चेअरमन वाचून लगेच हो म्हणाले. दरवर्षीची भांडणं त्यांच्या दारात यायची. आता ती कागदाकडं जाणार होती.

चाचांनी मात्र यादीचा कोरा कागद बराच वेळ बघितला. त्यावर मी चार रकाने आखले होते. त्यांनी विचारलं, "बेटी, यात जमिनीचा खाना कुठाय?"

मी म्हणाले, जमीन बघून नंबर द्यायचा म्हटलं की माणूस बघूनच दिला जातो, तेच तर बंद करायचंय. ते माझ्याकडं पाहून हसले, पण कुचकं नाही. म्हणाले, "ठीक हाय. तुम्ही सांगाल तिथं ट्रॅक्टर जाईल." आणि खुरपं खिशात ठेवून वंगणाचा डबा उघडायला गेले.

सोमवारी मी साडेसातला पोचले तेव्हा रांग चावडीपर्यंत गेली होती. लोक हसत होते, एकमेकांना ढकलत होते. पाचला येऊन बसलेले ते मोठे बागायतदारही रांगेत होते, पायात मोजे घालून, आणि त्यांच्या पुढं दहा जण होते म्हणजे त्यांचा नंबर अकरावा. मला फार समाधान वाटलं. त्या संध्याकाळी वडिलांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. खूश झाले की ते असंच करायचे.

तिसऱ्या दिवशी दिवस मावळताना एक बाई आल्या. टेकडीच्या वस्तीवर राहायच्या, मी त्यांना मावशी म्हणायचे. दोन एकर जमीन, नवरा चिकलठाण्याला कंपनीत, पंधरा दिवसांनी घरी यायचा. मावशी दिवसभर दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचत होत्या, त्यामुळं नावनोंदणीची बातमीच त्यांच्यापर्यंत दोन दिवसांनी पोचली. त्यांचा नंबर लागला चौतिसावा. कधी येईल, म्हणून विचारलं. मी हिशेब करून अठरा-एकोणीस दिवस सांगितले.

त्या बाकावर बसल्या. पदरात कापसाची पांढरी तुसं अडकली होती. म्हणाल्या, "ताई, माझी मुरमाड हाय."

मी म्हणाले, मावशी, नियम सगळ्यांना सारखा. त्यांनी मान हलवली. मग मी न विचारताच त्यांनी सांगितलं, की यंदा हरभरा आला नाही तर नवरा जमीन बटाईनं देऊन त्यांना चिकलठाण्याच्या खोलीवर नेणार आहे. तसं ठरलंय. "खोली बरी हाय," त्या म्हणाल्या, "नळ हाय. पर मला तिथं दिवस जात नाय." मी त्यांना पाणी दिलं. माझ्या आवाजात कळवळा होता, हे मला आजही आठवतं, आणि त्याचीच जास्त लाज वाटते.

ट्रॅक्टर फिरू लागला. पहिले आठही नंबर नदीकाठच्या काळ्या जमिनीचे होते. मला त्यात काही खटकलं नाही. पुष्कळ उशिरा कळलं की ते योगायोगानं झालं नव्हतं. गावाच्या मध्यात, सोसायटीपासून हाकेच्या अंतरावर राहणारी घरं जुन्या काळ्या जमिनींची मालक. मुरमाड वावरं ज्यांची, त्यांची घरंही लांब, वस्तीवर. त्यांना पाचला उठून रांगेत यायचं तर दोन मैल अंधारात चालावं लागणार, शिवाय रोजाचं काम बुडणार. मी माणूस न बघता यादी केली होती, आणि यादीनं बरोबर माणसं बघून नंबर लावले होते.

दुसऱ्या आठवड्यात वारं फिरलं. उत्तरेकडचं, कोरडं, ओठ फुटायला लागले. एका दुपारी चाचा ट्रॅक्टर वावरात उभा करून कचेरीत आले. टॉवेलच्या दोन टोकांना दोन गाठी होत्या. एक सोडून त्यांनी माझ्या यादीवरच माती ओतली.

"दाब," म्हणाले.

मी मूठ दाबून उघडली. माती बोटांच्या फटींतून यादीवर पडली. मग त्यांनी दुसरी गाठ सोडली. ती माती गार होती. दाबल्यावर तिचा लाडू झाला आणि त्यावर माझ्या बोटांचे चार वळ उमटले. मी अंगठ्यानं ढोसलं, तरी तो फुटला नाही.

"ही आत्ता मशीन चालू हाय तिथली. अजून वीस दिस थांबंल, हिला काय घाई नाय. ती पहिली तुमच्या मावशीची. वरचं वावर गेलं. खालच्या तुकड्यात हाय अजून, चार दिस, लई झालं तर पाच. आता तुम्ही सांगा. ट्रॅक्टर कुठं नेऊ?"

ते चिडून बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. भिंतीवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, कुणासाठीही बदल होणार नाही. मीच उठून यादी खोडली, तर मग आदल्या वर्षीच्या चाचांत आणि माझ्यात फरक काय? त्यांच्या मुठीत निदान माती होती. माझ्याकडं नुसती दया होती. मी म्हणाले, मी कुणाचा नंबर काढून घेणार नाही, पण कुणी आपणहून बदलून दिला तर चालेल. चाचा म्हणाले, "मग चाला."

नववा आणि दहावा नंबर ज्यांचा होता, त्यांच्याकडं मी चालत गेले. दोघंही भाऊभाऊ. मोठा माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "ताई, तुमीच तर छापलं. बदल होणार नाय. आमी मुलीला तोंडपाठ करून घेतलंय." त्याची मुलगी दारात उभी होती, तिनं खरंच पत्रकाची पहिली ओळ म्हणून दाखवली. सगळे हसले. मलाही हसावं लागलं.

अकरावा नंबर त्या मोठ्या बागायतदारांचा. ओसरीवर गेले तेव्हा ते सुपारी कातरत होते. मी उभ्यानंच सांगितलं. ते म्हणाले, "माझी नदीकाठची हाय. ती कुठं पळून जाती? दे मावशीला माझा, मला तिचा चौतिसावा लाव." मग अडकित्ता खाली ठेवून, "पर कागदावर लिहून घे, राजीखुशीनं दिला म्हणून. नायतर उद्या माझ्यावरच पत्रक काढशील."

मी लिहून घेतलं. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, गेल्या वर्षी तुम्हाला तिसरा नंबर कसा मिळाला होता?

"तो टेकडीखालच्या पट्टीचा. नुसता मुरूम. यंदा तिला अकराव्या नंबरावर कोण पेरतंय? पडीक टाकली." त्यांनी मला बसायला सांगितलं, चहाही विचारला. मी घेतला. त्याच ओसरीवर.

ट्रॅक्टर टेकडीवर गेला तो तिसऱ्या दिवशी. मी सकाळपासून तिथंच होते. कणसांची मळणी झाली, दाणे पोत्यांत भरले. चाचांनी खाली उतरून वरच्या अंगाला उकरलं, एक वीत, मग कोपरभर. माती हातातून वाऱ्यावर गेली. खालच्या बांधाजवळ उकरलं तर लाडू झाला, पण कसाबसा. ते म्हणाले, इथं रोटा मारला तर आहे तीही ओल उडेल, धसकटात तसंच पेरू, खोल. मावशीच म्हणाल्या, "वरचं ऱ्हाऊ द्या चाचा. बी तरी वाचंल." आणि अर्धं बी राहिलेली पिशवी त्यांनी सुतळीनं बांधून घरात नेऊन ठेवली.

बांधावर काळा चहा झाला. मी मावशींना म्हणाले, चुकलं माझं. त्यांनी बशी फुंकत माझ्याकडं बघितलं. राग होता, तो त्यांनी लपवला नाही.

"यादी कर ताई. यादी पायजेच. पर पुढच्या साली इथं येऊन कर."

त्या हिवाळ्यात मी शहरात एम.ए.ला नाव घातलं. दर शनिवारी एसटीनं गावी यायचे. फाट्याच्या अलीकडं खिडकीतून टेकडीचा उतार दिसतो. खालचा तुकडा हिरवा, वरचा उघडा, विटकरी, आणि मध्ये पेरणीची सरळ रेघ. सीट कुठलीही मिळो, मी त्या बाजूला वाकून बघायचे. शेजारच्या माणसाला वाटायचं, कुणी ओळखीचं दिसलं. हरभरा घाट्यावर आला तेव्हा मावशींचा नवरा आला, वावर बघितलं. अर्धं आलं म्हणून नेतो म्हणाला नाही, आणि पुरतं आलं नाही म्हणून राहा असंही म्हणाला नाही. आणखी एक साल बघू, एवढ्यावर थांबलं. मावशी ते साल राहिल्या.

वडिलांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, पत्रक चुकीचं नव्हतं. मीही तसंच म्हणते. एका माणसाच्या मुठीवर गावानं अवलंबून राहू नये, हे मला आजही पटतं. फक्त त्या मुठीत काय आहे, ते लिहिण्याआधी मी एकदाही उघडून बघितलं नव्हतं.

पुढच्या दसऱ्याला मी सुट्टी घेऊन आले. चाचांच्या मागं वही घेऊन निघाले. यादीत पाचवा रकाना आखला होता. सुरुवात वस्तीवरून केली. पहिलंच वावर मावशींचं. त्या बांधावर उभ्या होत्या, पदर खोचून. चाचांनी उकरलं, माती उचलली आणि स्वतः न दाबता माझ्या हातावर ठेवली. मी दाबली, मूठ उघडली, अंगठा लावला. लाडू फुटला. मला खात्री वाटेना म्हणून पुन्हा दाबली. पुन्हा फुटला.

"लिही," मावशी म्हणाल्या.