कटरे सर घसरगुंडीवर

शाळेत किस्से कुणी जमवत नाही. खडूच्या भुकटीसारखे ते आपोआप साचतात, आणि एखाद्या दिवशी कुणी कपाट हलवलं की सगळ्यांना एकदम शिंका येतात. धानाच्या मुलखातल्या गोरेगावच्या आमच्या शाळेत मी एकवीस वर्षं विज्ञान शिकवलं, कुडव्याहून रोज स्कुटीवर जाऊन-येऊन. तेवढ्या वर्षांत साचलेले किस्से एकीकडे आणि दोन हजार दहाच्या जानेवारीतल्या दोन दिवसांचे एकीकडे. त्या दोन दिवसांत आमचा अख्खा स्टाफ, बायका-नवऱ्यांसकट, नागपूरच्या पलीकडे एका वॉटर पार्क रिसॉर्टवर होता.

सुरुवात काकूंनी केली. काकू म्हणजे आमचे हेडमास्तर कटरे सर यांच्या पत्नी. स्वातंत्र्यदिनाच्या झेंडावंदनाला त्या दरवर्षी यायच्या आणि नंतर स्टाफरूममध्ये आमच्यासोबत चहा घ्यायच्या. त्या वर्षी चहा संपल्यावर कप खाली ठेवत म्हणाल्या, "हे आता रिटायर होऊन राहिले. लग्नाले तेहतीस वर्सं झाली. लग्नाच्या साली मंडईत पाळणा पायला, त मले मनले, पुढच्या साली बसवतो तुले. तवापासून पुढचंच साल चालू हाये."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. पाहुणे, दुकानं, आकाशपाळणे, सगळं असतं. आणि दर मंडईला कटरे सरांना नेमकं महत्त्वाचं काम निघायचं.

सर दारातच उभे होते. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "चला, तास सुरू झाला." त्या दिवशी तास नव्हतेच, झेंडावंदन करून मुलं केव्हाच घरी गेली होती.

पण बायकांनी आता गोष्ट धरून ठेवली. आमचे क्लार्क रहांगडाले बाबू यांनी ड्रॉवरमधून त्या रिसॉर्टचं रंगीत पत्रक काढलं. कुठल्याशा भाच्याने दिलेलं ते पत्रक वर्षभर फायलीखाली दबलं होतं. त्यात एक मोठी घसरगुंडी होती, पाण्याच्या टाकीहून उंच. काकूंनी त्यावर बोट ठेवलं. "पाळण्याच्या बदल्यात हे चालेल."

*

तारीख ठरायला पाच महिने लागले. आमच्या स्टाफमध्ये जो तो अर्धा मास्तर आणि अर्धा धानवाला. ऑगस्टात कुणाची रोवणी राहिलेली. ऑक्टोबरात कापणी. नोव्हेंबरात मंडया, आणि मंडईला पाहुणा येणार असताना घर सोडलं तर सात पिढ्या नावं ठेवतात. डिसेंबरात मळणी आणि स्नेहसंमेलन. फेब्रुवारीत कचारगडची जत्रा, तिथे पी.टी.च्या मेश्राम सरांचं स्काउट पथक. मार्चात परीक्षा, मग लग्नंच लग्नं. बाबूंनी कॅलेंडरवर लाल पेनाने फुल्या मारत नेल्या. शेवटी प्रजासत्ताक दिनानंतरचे दोन दिवस तेवढे कोरे राहिले.

"सर, एवढ्या थंडीत पाण्यात?" मेश्राम सरांनी विचारलं.

"गर्दी नसेल," सर म्हणाले.

हेडमास्तरांच्या अधिकारात वर्षाला दोन सुट्ट्या असतात. कटरे सरांनी त्या अकरा वर्षांत एकदाही वापरल्या नव्हत्या. आता दोन्ही लागोपाठ जाहीर केल्या. त्या संध्याकाळी गावातली चार माणसं सरांच्या घरी हळूच चौकशीला गेली, कोण गेलं म्हणून.

*

सहलीची सूचना रीतसर सूचनावहीत आली. सरांनी स्वतः लिहिली होती: "सर्व कर्मचाऱ्यांनी सहलीस वेळेवर व आनंदाने उपस्थित राहावे. परवानगीशिवाय कोणीही पाण्यात उतरू नये."

वही स्टाफरूममध्ये फिरली. नेहमीच्या सवयीने एकेकाने सही केली. कुणी "पाहिले" लिहिलं, कुणी "वाचले". मेश्राम सरांनी आनंदाविषयीच्या वाक्याखाली लिहिलं, "नोंद घेतली."

*

रिसॉर्टच्या फाटकाशी बस थांबली आणि मेश्राम सरांनी शिट्टी मारली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण बसमधून माणसं उतरली की त्यांचा हात आपोआप शिट्टीकडे जातो. आम्हीही आपोआप उंचीप्रमाणे रांगेत उभे राहिलो. मी पुढून तिसरी.

सरांनी यादी काढून हजेरी घेतली. आमची माणसं बावीस, रांगेत निघाली चोवीस. नागपूरकडचं एक नवं लग्न झालेलं जोडपं तिकिटाची रांग समजून आमच्यात येऊन उभं होतं. मेश्राम सर तोवर त्या नवरदेवापर्यंत पोचले होते. "खिशातून हात काढा. शर्ट इन करा. रांगेत उभं राहायची ही पद्धत आहे काय?"

त्याने शर्ट इन केला. बायकोकडे एकदाही न बघता केला. पुढचे दोन दिवस तो आम्हाला दिसला की शर्ट खोचायचा.

*

तिथे जेवण बुफे होतं. पनीर, नान, चार प्रकारचं गोड. आमचे बाबू सरळ भाताच्या भांड्याशी गेले. एक शीत उचललं, बोटांत दाबलं, नाकाशी नेलं आणि ताट ठेवून थेट आत स्वयंपाकघरात गेले. ज्याच्या घरी चार खंडी धान पिकतो, त्याला कुणी फडफडीत, बेचव भात वाढला तर तो गप्प बसत नाही.

अर्ध्या तासाने आचारी आणि बाबू दोघे बाहेर आले. आचाऱ्याचा चेहरा पडलेला होता.

"तांदूळ खराब होता का हो?" मी विचारलं.

"तांदूळ चांगला हाये," बाबू म्हणाले. "माणसाले भाताबद्दल माया नाई."

दुसऱ्या दिवशी पनीरकडे कुणी फिरकलं नाही. मऊ मोकळा भात आणि साधं वरण. सरांनी तीनदा घेतला. बाबू शेजारी उभे राहून प्रत्येक ताटाकडे बघत होते, पेपर वाटल्यावर सुपरवायझर बघतो तसे.

*

पाण्यात जायचं तर तिथलेच नायलॉनचे कपडे घालायचे, असा नियम होता. कटरे सर नियमाबाहेर कधी गेले नाहीत. आम्ही सगळे आधीच जाऊन कमरेएवढ्या पाण्यात बसलो होतो, थंडीने दात वाजत होते. तेवढ्यात सर आले. अकरा वर्षांत आम्ही त्यांना सफारीशिवाय पाहिलं नव्हतं. आता अंगात निळी बनियन आणि गुडघ्यापर्यंत पिवळ्या फुलांची चड्डी. डोळ्यांवर चष्मा, हातात यादी.

कुणीही हसलं नाही. सर दिसताच आम्ही सगळे जण पाण्यातून ताडकन उभे राहिलो.

सरांनी एकवार सगळ्यांकडे पाहिलं. "बसा," म्हणाले.

आम्ही बसलो.

*

तिथे लाटांचा एक तलाव होता. दर तासाला भोंगा वाजायचा आणि मग दहा मिनिटं समुद्रासारख्या लाटा यायच्या. त्या लाटांसाठीच लोक तासभर थांबून राहायचे. आम्हीही थांबलो. भोंगा वाजला. तो भोंगा अगदी आमच्या शाळेच्या विजेच्या घंटीसारखा होता. तास संपला की घंटी होते आणि घंटी झाली की आमचे पाय चालू लागतात. सगळा स्टाफ शिस्तीत पायऱ्या चढून बाहेर आला, मागोमाग बायका-नवरेही. काठावर पोचल्यावर एकमेकांकडे बघितलं, तोवर मागे लाटा सुरू झाल्या होत्या.

आत आमच्यापैकी फक्त काकू होत्या. त्यांनी उभ्या आयुष्यात एकही तास घेतला नव्हता. एकट्याच लाटेवर वर जात होत्या, खाली येत होत्या, आणि आम्हाला हात करून बोलावत होत्या. आधी कुणी उतरायचं ते ठरवून आम्ही परत आत शिरलो तेव्हा पाणी शांत झालं होतं.

*

आणि ती मोठी घसरगुंडी. ती दोन दिवस आमच्या डोक्यावर उभी होती. तिच्यावर दोघांची रबरी ट्यूब लागायची, एकट्याला सोडत नव्हते. पहिल्या दिवशी सर म्हणाले, "आत्ताच जेवण झालं आहे." संध्याकाळी म्हणाले, "उजेड कमी झाला." दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "अशा गोष्टींची आधी तपासणी करावी लागते," आणि तासभर खालून खांब बघत राहिले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शाळेच्या गच्चीवरची टाकी दर पावसाळ्यात गळायची आणि सर ती खालूनच तपासायचे. आम्हाला वाटायचं पदाचा मान. आता पाहिलं तर सरांनी खालच्या पायरीचा कठडा धरलेला होता, आणि बोटं पांढरी पडली होती. ज्यांच्या चपलेचा आवाज ऐकून अख्खी दहावी गप्प होते, ते कटरे सर उंचीला घाबरत होते.

मी काकूंना बाजूला घेऊन म्हटलं, "चला, मी बसते तुमच्यासोबत."

"नाई बाई," काकू सरांकडे बोट करत म्हणाल्या. "कबूल यायनं केलं हाये. मी दुसऱ्यासंगं कायले बसू?"

दुपारचे चार वाजले. साडेचारला बस निघणार होती. काकू अंग कोरडं करून, साडी नेसायला जाण्यासाठी पिशवी हातात घेऊन सरांपाशी आल्या. "राहू द्या जी," म्हणाल्या. "मंडईत बसू. पुढच्या साली."

त्यात टोमणा नव्हता. समजूत घालावी तशा म्हणाल्या त्या. मेश्राम सर उगाच शिट्टीची दोरी गुंडाळू लागले.

सरांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. "सांभाळा," म्हणाले, आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

काकू पुढे, सर मागे. पूर्ण जिना सर फक्त काकूंच्या टाचांकडे बघत चढले. प्रत्येक वळणावर थांबायचे. काकूही थांबायच्या, पण मागे वळून बघायच्या नाहीत. खाली आम्ही वीस जण माना वर करून उभे. वर दोन ठिपके ट्यूबमध्ये बसलेले दिसले, पुढे काकू, मागे सर. मग वरून आवाज आला. ज्या आवाजाला सारा गोरेगाव तालुका टरकायचा, तोच आवाज त्या अख्ख्या पार्कात घुमला.

"सोडू नको वं!"

पुढच्या क्षणी दोघे खालच्या पाण्यात होते. काकू हसत हसत उठल्या आणि त्यांना ठसका लागला. सर ट्यूबमध्ये तसेच बसून होते. मेश्राम सरांनी हात दिला तेव्हा म्हणाले, "खालच्या वळणावर शिस्त नाही." मग पाणी मागितलं, प्यायला.

वरून खाली येताना तिथला कॅमेरा आपोआप फोटो काढतो. काउंटरच्या पडद्यावर तो झळकत होता: काकूंचे दोन्ही हात हवेत, तोंडभर हसू, मागे सर, डोळे गच्च मिटलेले, तोंड उघडं, दोन्ही हातांनी काकूंचे खांदे आवळून धरलेले.

सरांनी चष्मा लावून तो नीट पाहिला. "हा फोटो कुणीही घ्यायचा नाही," म्हणाले. आम्ही नोंद घेतली.

बस सुटताना एक गोष्ट मात्र झाली. सर कधी मिनिटभर उशीर न करणारे, पण ऐन वेळी उतरले. "चष्मा राहिला," म्हणाले आणि आत गेले. दहा मिनिटांनी आले. चष्मा जाताना त्यांच्या नाकावरच होता, पण हेडमास्तरांना ते सांगणार कोण?

*

जूनमध्ये नवीन सत्र उघडलं आणि महिन्याअखेर सरांचा निरोप समारंभ झाला. आमच्या ऑफिसात एक रीत आहे. निवृत्त होणाऱ्या हेडमास्तरांचा फोटो भिंतीवर लागतो. आधीचे पाच जण ओळीने आहेत. सगळे कोटात, काळी टोपी, ओठ घट्ट मिटलेले, पाचही जण कुठल्यातरी विद्यार्थ्यावर रागावल्यासारखे. रहांगडाले बाबू महिनाभर सरांच्या मागे लागले होते, "सर, फोटो द्या जी, फ्रेम करायचा हाये." सर म्हणायचे, "मी बघतो."

समारंभानंतर संस्थेचे अध्यक्ष, आम्ही सगळे, काकू, ऑफिसात जमलो. सरांनी काखेतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम काढून बाबूंना दिली. बाबूंनी दोरा सोडला, कागद काढला आणि तसेच उभे राहिले. अध्यक्षांनी डोकावून पाहिलं. मग सरांकडे पाहिलं. काकूंनी पदर तोंडाशी नेला. फोटोची त्यांना काही कल्पना नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"सर," बाबू चाचरत म्हणाले, "याच्यात त मॅडम बी हायेत."

"लावा," सर म्हणाले.

बाबूंनी स्टुलावर चढून सहाव्या खिळ्याला तो फोटो अडकवला. पाच टोप्यांच्या शेजारी पिवळी ट्यूब. घाईत फोटो वाकडा लागला. सरांनी मान तिरकी करून पाहिलं. मग बाबूंना म्हणाले, "उतरा," आणि स्वतः स्टुलावर चढले.

काकू पुढे होऊन स्टूल धरून उभ्या राहिल्या. फोटो सरळ झाला. सर खाली न बघता, भिंतीकडे तोंड करून, हळूच म्हणाले, "सोडू नको वं."