सव्वादोन किलोचा भार

भंगाराच्या धंद्यात डोळ्यांवर भरवसा ठेवणारा बुडतो आणि हातावर ठेवणारा तरतो, असं काटाशेठ म्हणायचे. त्यांचं खरं नाव फक्त लाइटच्या बिलावर उरलं होतं. बाकी सगळ्या वस्तीला ते काटाशेठ. वखारीत शिरलं की समोर भला मोठा वजनकाटा आणि त्याच्या शेजारी स्टुलावर हे. जुनी मोटर हातात घेऊन नुसती झुलवली की आत तांबं किती ते सांगायचे, आणि फोडल्यावर तेवढंच निघायचं. त्या बाबतीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, हे कबूल केलंच पाहिजे.

पण माणसाला एक गोष्ट फार चांगली आली की पंचाईत होते. तो तिनंच सगळं जग मोजायला निघतो. मेव्हण्यानं हौसेनं घड्याळ दिलं, तर यांनी ते तळहातावर झुलवलं आणि म्हणाले, "हलकं आहे हो." डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तर पुडी झुलवून म्हणे, "एवढ्याशानं काय गुण येणार?" बायको कपाळावर हात मारून घ्यायची.

बायकोचं पार्लर होतं, वखारीला लागून असलेल्या दोन खोल्यांत. कितीतरी वर्षं ती दुसरीच्या पार्लरमध्ये राबली, लोकांच्या केसांचा केर काढता काढता हात बसवला, आणि आता कुठे दारावर स्वतःची पाटी लागली होती. पाटी लागली, पण गिऱ्हाईक येईना. पत्र्यांच्या ढिगातून वाट काढत नटायला कोण येणार? अशात एक दिवस लग्नाच्या हॉलची मालकीण स्वतः चालून आली. बाई तोलामोलाची, बोलणं तुटक.

"रविवारी संध्याकाळी माझ्या भाचीचं लग्न आहे. ती आणि तिच्या चार मैत्रिणी. चांगलं केलंत तर हॉलवरच्या सगळ्या नवऱ्या तुमच्याकडे पाठवीन. नाहीतर राहिलं."

"राहिलं" हा शब्द बायकोच्या कानातून जाईना. त्यात शनिवारी सकाळी खबर आली, की रविवारी दिवसभर वीज बंद, दुरुस्तीचं काम आहे. झालं! दुष्काळात तेरावा महिना.

"अहो, जनरेटर आणा आजच्या आज," ती म्हणाली. तिला नवरीच्या घरी साडीचा रंग बघायला जायचं होतं, एक पाय दारातच होता. "दुकानदार विचारील भार किती. नीट बघून सांगा म्हणजे झालं."

"भार?" काटाशेठ खुलले. "अगं, भार मला शिकवतेस?"

ती गेली आणि हे कामाला लागले. छोटा काटा पार्लरमध्ये आणला, पुसला, शून्यावर आणला. केस वाळवायचे तीन ड्रायर ठेवले. पावणेदोन किलो. केस सरळ करायचा तो चिमटा, स्ट्रेटनर, अर्धा किलो. पंख्याकडे मान वर करून जरा विचार केला. पण पंखा छताला टांगलेला, म्हणजे त्याचा भार छतावर, जनरेटरवर कशाला येतोय? ट्यूबलाइट तशीच भिंतीनं पेललेली. अन्याय कोणावर करायचा नाही, हे काटाशेठचं तत्त्व.

दुकानात गर्दी होती. दुकानदारानं मान वर न करताच विचारलं, "भार किती?"

"सव्वादोन किलो."

आता गंमत अशी, की त्या धंद्यात किलोवॅटला सगळे नुसतं किलोच म्हणतात. दुकानदार म्हणाला, "मग अडीच किलोचा न्या. थोडी जागा शिल्लक असलेली बरी." काटाशेठना गहिवरून आलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांच्या भाषेत बोललं होतं. मग त्यांनी जनरेटर उचलून बघितला, तर तो चांगला चाळीस किलोचा. अडीच सांगून चाळीस देणारा दुकानदार! असा सज्जन माणूस आजकाल मिळतो कुठे?

रविवारी दुपारी भाची आली, मैत्रिणी आल्या. पाचही जणींचे केस धुऊन झाले. काटाशेठनी मागच्या अंगणात जनरेटरची दोरी ओढली, तो धडधडला, पंखा फिरला, दिवे लागले. बायकोनं त्यांच्याकडे असं काही बघितलं, की त्यांची छाती फुगली. पहिला ड्रायर सुरू झाला. दुसरा सुरू केला मात्र, जनरेटर जोरात कण्हला आणि सगळंच बंद. बिनखिडकीच्या खोलीतल्या अंधारात पाच ओली डोकी आणि एक किंकाळी. किंकाळी नवरीची.

"मशीन नाजूक निघालं," काटाशेठ म्हणाले.

"भार किती सांगितलात तुम्ही?"

"सव्वादोन किलो. स्वतः काट्यावर ठेवून बघितलं."

बायको गर्रकन वळली. "काट्यावर?"

"मग कशावर?"

मैत्रिणींपैकी एकीला हसू फुटलं, नवरीला रडू. बायकोला दोन्ही आलं असतं, पण तिला वेळ नव्हता. तिनं ड्रायर उलटा केला आणि मुठीजवळची बारीक अक्षरं दाराच्या उजेडात धरली. "हे वाचा. अठराशे वॅट. एका ड्रायरचे! दोन लावले की छत्तीसशे, आणि तुमचं मशीन देणार अडीच हजार. अहो, भार म्हणजे वजन नाही, भार म्हणजे भूक! तुमचा धाकटा भाऊ आठवा. अंगानं काडी, आणि जेवायला बसला की पातेलं पुसून ठेवतो."

ते मात्र काटाशेठना चटकन पटलं. भावाला त्यांनी वर्षानुवर्षं पोसलं होतं. त्यांनी स्ट्रेटनर घाईघाईनं उलटा केला. त्याची भूक जेमतेम पन्नास. पंखाही कमी खाणारा. म्हणजे घरातला खादाड एकच जातीचा, आणि त्याच जातीचे तीन आणून बसवलेले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. हॉलची मालकीण पाच वाजता बघायला येणार होती, आणि एका ड्रायरवर पाच डोकी वाळायला रात्र झाली असती.

"राहिलं," बायको हळूच म्हणाली आणि खाली बसली.

तिला असं बसलेलं काटाशेठनी कधी बघितलं नव्हतं. त्यांना स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावीशी वाटली. ते बाहेर धावले. अंगणात ऊन रणरणत होतं. त्यांनी पत्रे बाजूला सारले, वखारीतल्या चार खुर्च्या पुसून ओळीनं मांडल्या, मैत्रिणींना पाठीमागे केस सोडून बसवलं आणि पुठ्ठ्याचा एक मोठा तुकडा घेऊन वारा घालायला लागले. आत नवरीसाठी एक ड्रायर, पंखा, दिवे आणि चिमटा, सगळं बिनबोभाट चाललं. जनरेटर हूं की चूं करेना.

थोड्या वेळानं आतून हाक आली. "अहो, इकडे या. हा धरा. मला दोन्ही हात विंचरायला पाहिजेत. उंच धरा, आणि हलवत राहा."

काटाशेठनी ड्रायर धरला. फ्रिज पाठीवर घेऊन टेंपोत चढवणारा माणूस तो. थोडा वेळ गेला आणि खांदा कुरकुरला. मग दंड भरून आला. मग बोटं सुन्न. अर्ध्या किलोच्या आतबाहेरची वस्तू, आणि हात खाली येतोय! त्यांनी चोरून बायकोच्या खांद्याकडे बघितलं. रात्री ती तो शेकत बसायची, आणि हे कूस बदलून झोपायचे.

"हे तू रोज धरतेस?"

"मग काय काट्यावर ठेवते?" ती केसांतून नजर न काढता म्हणाली.

काटाशेठ फार लाजले. त्या दिवसाइतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. त्यांनी दुसऱ्या हातानं कोपर धरलं, पण ड्रायर खाली आणला नाही.

मालकीणबाई पाच वाजता आल्या तेव्हा नवरी आरशासमोरून उठायला तयार नव्हती, इतकी ती स्वतःवर खूश होती. दोन मैत्रिणी तयार, दोघींचे केस अजून थोडे दमट, म्हणून ड्रायर आता त्यांच्यावर. बाईंनी भाचीला पुढून बघितलं, मागून बघितलं, अंबाड्याला बोट लावून बघितलं. "पुढच्या महिन्यात तीन लग्नं आहेत," त्या म्हणाल्या. "तारखा कळवते." बायकोनं मान हलवली.

निघता निघता बाईंची नजर काटाशेठवर गेली. घामानं निथळलेले, कपड्यांवर वखारीची धूळ, ड्रायर धरलेला हात वर.

"हे कोण? इथे कामाला आहेत?"

बायको घाईनं सांगायला निघाली, "नाही हो, हे माझे..."

"हो," काटाशेठ म्हणाले. "आजच लागलो."

बायकोचा कंगवा जागच्या जागी थांबला. तिनं त्यांच्याकडे बघितलं, डोळे भरून आले, ते तिनं मनगटानं पुसले आणि कंगवा पुन्हा चालू केला.

"मग हात खाली का येतोय?" ती म्हणाली. "वर धरा. अजून दोघी ओल्या आहेत."