अंडी न घालणारी कोंबडी

आमच्या चर्चमध्ये हंगामाच्या सणाचा लिलाव मी करतो. उपासना संपली की लोकांनी देवाला अर्पण केलेलं धान्य, नारळ, भोपळे, केक अंगणातल्या टेबलावर मांडतात आणि मी खुर्चीवर चढतो. ही खुर्ची मी कित्येक वर्षांत कुणाला दिलेली नाही. हातात साधा मुळा आला तरी मी त्याची वंशावळ सांगतो. लोक हसत हसत बोली चढवतात आणि पाळकसाहेब मान खाली घालून हसू लपवतात.

त्या वर्षी गडमुडशिंगीच्या एका आजींनी कोंबडी आणली होती. तांबडी, गुबगुबीत. मी ती उंच धरली आणि सुटलो. रोज सकाळी न चुकता एक अंडं देते, म्हणालो, आणि रविवारी दोन, कारण पाहुणे येतात. अंड्यांचे शौकीन असलेले एक निवृत्त मास्तर हिरिरीने बोलीत उतरले. भाव कोंबडीच्या लायकीबाहेर गेला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आजी उठल्या.

"ओ पावणं, थांबा की जरा. ही अंडं घालत न्हाय. श्रावणापासनं बंद हाय. म्हातारी झालीया."

अंगणात फक्त कोंबडीच काय ती बोलत होती. मास्तरांचा हात हळूच खाली गेला. मी वाकून आजींना म्हटलं, लिलावात एवढी गंमत चालते. त्या मात्र सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या.

"कोंबडीनं वय लपवलं न्हाय, मग मी कशाला लपवू? देवाच्या नावानं दिलीया."

आणि बसल्या. चेहऱ्यावर पराक्रम नाही, संकोच नाही. आमटीत मीठ कमी आहे हे सांगावं, तसं सांगितलं होतं. खोटं न बोलण्याची आज्ञा मला लहानपणापासून पाठ आहे. पण त्या आज्ञेला नऊवारी नेसून, पदर सारखा करताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

कोंबडी शेवटी कुणीतरी रश्श्यासाठी निम्म्याहून कमी भावात नेली. आजींना त्याचं काहीच नव्हतं.

माझी मात्र पंचाईत झाली, कारण पुढचा नग होता माझ्या बायकोचा केक. तिच्या हातच्या केकवर दरवर्षी उड्या पडतात. पण आदल्या दिवशी ओव्हन बंद पडला आणि मी मंगळवार पेठेतल्या एका बेकरीतून केक आणला. तिने वर काजू लावले, आमच्या ताटात ठेवला. केक आमच्या घरूनच आलाय, तेव्हा "घरचा" म्हणणं खोटं कसं, हा मुद्दा मीच काढला होता. सकाळी तो फार बळकट वाटला होता.

मी ताट उचललं आणि तोंड उघडण्याआधीच बोली सुरू झाली. ताट ओळखीचं होतं ना. बायकांच्या रांगेत माझी बायको ताठ बसली होती. तिचं इतक्या वर्षांचं नाव माझ्या हातात होतं. तिने आजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि डोळे मिटले. ती परवानगी होती की प्रार्थना, हे विचारण्याचं धाडस मला अजून झालेलं नाही.

"केक बेकरीतला आहे," मी म्हणालो. "काजू तेवढे घरचे."

कुणी हसलं नाही. मी ताट तसंच उंच धरून ठेवलं.

"कधीचा हाय?" आजींनी विचारलं.

"कालचा."

"मग ताजाच हाय की," त्या म्हणाल्या. "बोला पुढं."