रणजीतचा खलनायक

रणजीत शिंदेला कुणी घाबरत नसे. बेंगळुरूत कित्येक पिढ्या मुरलेल्या मराठी घरातला हा मुलगा, ऑटोवाल्याशीसुद्धा कधी आवाज चढवून बोलला नाही. एरवी त्याचं काही अडलं नसतं. पण दर रविवारी दुपारी कोरमंगलात, पुण्याहून आलेल्या मल्हारच्या फ्लॅटवर फासे टाकून कल्पित राज्यांचा खेळ चाले. त्यात गोष्ट रणजीत सांगे, खलनायकही तोच होई, आणि बाकीचे आपापलं पात्र घेऊन त्याच्याशी लढत. त्याचे खलनायक भलतेच मवाळ निघत. गेल्या खेपेला मल्हारने ऐकवलं होतं, "लेका, तुझ्या चेटकिणीला मी चहा विचारणार होतो. पुढचा व्हिलन असाच निघाला तर गोष्ट मी सांगणार." रणजीतच्या बेतास बात आयुष्यात मानाची म्हणावी अशी ती एकच जागा होती. ती जाणार म्हणून तो मनातून हादरला.

आठवडाभर खपून त्याने उग्रमूळ घडवला. आई माणूस, बाप ऑर्क, म्हणजे रानटी राक्षस. गावाने हाकललेला, टोळीने झिडकारलेला. त्यात ड्रुइड, म्हणजे झाडं आणि जनावरं त्याचा शब्द झेलणार. सुळे दिले, अंगावर शेवाळ दिलं, माणसं गिळणाऱ्या मुळ्या दिल्या. राहिला आवाज. आरशासमोर त्याने डरकाळी फोडली, तर दाराबाहेरून त्याच्या आई रत्नाबाई म्हणाल्या, "घसा बसला काय रे? आलं-मिरी घालून स्वल्प कषाय करून देऊ?"

रविवारीही डरकाळीचं हसंच झालं. मल्हार तर पोट धरून हसला. रणजीतचा चेहरा पडला. आता गोष्ट कशीबशी सावरायची, म्हणून तो तोंडाला येईल तसा बोलत सुटला, म्हणजे ऑफिसात बोलतो तसा. तो एका कंपनीत एचआरमध्ये होता. माणसं कमी करायची झाली की काचेच्या खोलीत त्यांच्यासमोर त्यालाच बसवत.

उग्रमूळच्या पुढ्यात त्या वेळी संहिताची वनरक्षक होती. संहिता नागपूरची, मागच्या वर्षी तिची नोकरी गेली होती, दुसऱ्याच कुठल्या कंपनीतली.

"बस ना," उग्रमूळ हळू आवाजात म्हणाला. "पाणी घेणार? तुझ्या कामाबद्दल काहीच तक्रार नाही. जंगलाला आता तुझी गरज उरली नाही, इतकंच. मनाला लावून घेऊ नकोस." आणि मुळ्या तिच्या पायांवर चढू लागल्या.

मल्हारचं हसू थांबलं. "बाप रे," तो म्हणाला, "हा खरा व्हिलन." रणजीतला आनंद लपवता येईना.

संहिताने फासे उचललेच नाहीत. मान खाली घालूनच तिने विचारलं, "आयडी कार्ड कुठे जमा करायचं?"

"खाली, सिक्युरिटीकडे," रणजीत म्हणाला. उत्तर त्याच्या तोंडात तयारच होतं.