आडवा पडून पाहिलेली गाडी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं त्या बहिणीला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल — हेही भित्रेपणाचंच लक्षण, मान्य.

आधी माझी ख्याती सांगतो, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. सोलापुरात कॉलेजात शिकवत होतो तेव्हा मी अंधश्रद्धेवर भाषणं द्यायचो. बदल्यात मिळालेल्या श्रीफळाची घरी चटणी व्हायची. गल्लीत कुणाच्या गाडीला लिंबू-मिरची दिसली की तोडून टाकायचो — मालकाला न विचारता. लोक मला टाळायचे. मला वाटायचं, आदर आहे.

सुलभा माझी धाकटी बहीण. तिच्या नवऱ्याला, शिवानंदरावांना, अर्धांगवायू झाला. एक बाजू गेली, बोलणं तुटक झालं. त्यांना कोकणात जाऊन समुद्र बघायचा होता. पण वाटेत त्यांना जमेल असा संडास कुठे मिळणार? म्हणून तिने जुनी कॅराव्हॅन घ्यायची ठरवली — आत पलंग, शेगडी, संडास असलेली. होटगी रोडला महबूबभाईंच्या शेडमध्ये एक विकायला होती. पारखायला अर्थात मी.

पारखली. टायर दाबून पाहिले — टायर दाबून काय कळतं, मला आजही माहीत नाही. छताच्या कोपऱ्यात ओल शोधली, नळ सोडला, गॅसच्या नळीचा वास घेतला. खालचं लिनोलियम कडेला उचललं, तर दोन लोखंडी पट्ट्या, मागच्या दारापर्यंत गेलेल्या.

"हे काय रे, दादा?" सुलभाने विचारलं.

"सोफा सरकवायला," मी म्हणालो. क्षणभरही न थांबता.

मग, शिवानंदरावांची उंची माझ्याएवढीच, म्हणून पलंगावर आडवा पडून पाहिलं. बरोब्बर मावलो. हात छातीवर ठेवले, डोळे मिटले. "झकास झोप लागेल." सुलभा हसली आणि नवऱ्याला पाणी द्यायला बाहेर रिक्षाकडे गेली.

तेव्हा महबूबभाई आत आले.

"सर, एक सांगायचंय. मी लपवत न्हाय. ही आधी मयताची गाडी व्हती. त्या पट्ट्यांवर स्ट्रेचर सरकायचं. इंजिन लई चांगलं हाय — मयताला घाई नसती की. पण ताईंना मी सांगितलं तर दचकतील. तुमी शिकलेले. तुमी समजावून सांगा."

मी अजून पलंगाच्या कडेवर बसलेलो. खाली कसा उतरलो, आठवत नाही. धक्का गाडीचा नव्हता — माझा होता. इतकी वर्षं व्यासपीठावर जो माणूस बोलत होता, तो गेला कुठे?

रिक्षातून शिवानंदरावांनी विचारलं, "दादा... पास?"

"पास," मी म्हणालो.

का नाही सांगितलं? त्यांचा हिरमोड होईल म्हणून? असं मी स्वतःला पुष्कळ दिवस ऐकवलं. खोटं आहे. सुलभा भित्री नाही. तिने एवढंच विचारलं असतं — "दादा, तू झोपशील का यात?" आणि त्याचं उत्तर मला त्या पलंगावरच कळलं होतं.

घरी आलो तो थेट न्हाणीघरात. मयताहून आल्यावर करतात तशी डोक्यावरून अंघोळ केली, कपडे बादलीत बुडवले. बायकोला म्हणालो, होटगी रोडला धूळ फार.

इथवर हसण्यासारखं आहे. पुढे नाही.

निघायची वेळ आली तेव्हा सुलभा म्हणाली, "दादा, तू चल की. मला एकटीला यांना पेलवत नाही. एका बाजूने तू धरलंस की झालं." मी कंबर दुखत असल्याचं सांगितलं. कंबर ठणठणीत होती. ती ड्रायव्हर घेऊन निघाली. मंगळवेढ्याच्या पुढे गाडी थांबली, ड्रायव्हर चहाला उतरला, आणि पलंगावरून संडासाकडे नेताना शिवानंदराव तिच्या हातून निसटले. खुबा मोडला. गाडी तिथूनच परत फिरली. त्यानंतर ते अंथरुणातून उठलेले नाहीत. समुद्र राहिला.

येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगते, "गाडीत काही खोट नव्हती, दादाने पारखून घेतली होती. मीच कमी पडले." माझ्यासमोर सांगते. मी चहा पीत असतो.

गाडी तिच्या दारात उभी आहे. परवा गेलो तर आरशाला लिंबू-मिरची लटकत होती. मला बघून ती ओशाळली. "तोड तू. तुला चालत नाही, माहितीये मला." मी तोडली नाही. मग तिला आतली गादी उन्हात टाकायची होती. एक टोक धरायला तिने मला आत बोलावलं.

मी पायरीशीच उभा राहिलो. "कंबर," म्हणालो.

तिने ती एकटीनेच ओढत बाहेर काढली.