आडनाव ऐच्छिक

"तुह्या बापानं आडनाव इकून खाल्लं का?" साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. वाशीमचं ऑफिस, आठ टेबलं. सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

मी तिथली कंत्राटी प्रोग्रामर. पोरांचे वसतिगृहाचे अर्ज आमच्या प्रोग्राममधून वरच्या सर्व्हरला जायचे. तिथली सोप सर्व्हिस, म्हणजे अर्ज घेणारी यंत्रणा, ते तपासून होकार द्यायची. काही अर्ज मात्र परत येत होते, सगळे आडनाव न लिहिलेल्या पोरांचे. उत्तर एकच: आर्ग्युमेंट चुकीचं. म्हणजे पाठवलेल्या माहितीतला एखादा तुकडा मान्य नाही. चाचणीसाठी मी माझंच नाव टाकलं. नाव, वडिलांचं नाव, बस. तेही परत आलं. साहेबांनी ते स्क्रीनवर वाचलं आणि माझा बाप काढला.

आम्हा बौद्धांत आडनाव न लावणारे बरेच आहेत. मला मंगरूळपीरच्या शाळेत घालताना बाप म्हणाला होता, "आडनाव आयकलं का माणूस बदलते. पोरीले नको." साहेबांना हे ठाऊक नव्हतं, असं मी मानत नाही. मी रुजू झाले त्याच दिवशी त्यांनी तीनदा विचारलं होतं, "पुढं काय लावता?"

"जुन्या रजिस्टरातून या पोराइच्या आजोबाइचे आडनावं काहाड अन् भर," साहेब म्हणाले. "सर्व्हरले लागते. नाहीतर 'चूक मायी होती' म्हून लिहून दे."

लिहून दिलं की कंत्राट गेलं. शेजारचे बाबू समजुतीनं म्हणाले, "भरून टाक ना ताई. कायले आर्ग्युमेंट करून राह्यली?" त्यांचा गोडवाही मला खरा वाटला नाही.

सर्व्हरला लागतं, हे कोण म्हणतं? साहेबांनी दिलेल्या, अर्जात काय लागतं त्याच्या छापील कागदावर आडनावापुढे 'आवश्यक' होतं. पण पेनानं लिहिलेलं. मी सर्व्हिसचं मूळ वर्णन उघडलं. तिथं आडनाव ऐच्छिक. असेल तर द्या, नसेल तर ती चौकटच पाठवू नका. आमचा प्रोग्राम रिकामी चौकट पाठवत होता. सर्व्हर नाकारत होता ती चौकट, पोरांना नाही. कोडात एक अट घातली: आडनाव नसेल तर तो तुकडा गाळ. माझं नाव पुन्हा पाठवलं. होकार आला. मग पोरांचे अर्ज पाठवले. एकही परत आला नाही.

यंत्राला आडनाव नकोच होतं. साहेबांना हवं होतं.

मूळ वर्णन छापून घेतलं आणि दोन्ही कागद साहेबांपुढे ठेवले. "हे पेनानं कोनं लिवलं, साहेब?"

"झालं ना काम? बस मंग."

"लिवून मांगतलं होतं ना तुमी? देतो लिवून. चूक कोनाची, ते बी लिवतो."

लिहिलं. आवक टेबलावर देऊन पोचेचा शिक्का घेतला. कंत्राट पुढं चालेल की नाही, माहीत नाही. काढायचं तर काढा. पण ज्या पोराच्या बापानं आडनाव टाकून दिलं, त्याला ते माझ्या हातून परत चिकटणार नाही.